खांब ओळंब्यात ठेवा: अमेरिकी दक्षिणेतली जुनी घरं जुन्या पद्धतीने टिपताना

लुइझियाना, मिसिसिपी किंवा साउथ कॅरोलायनातल्या पांढऱ्या खांबांच्या घराचा फोटो फसतो तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. घर उंच असतं, आपण जवळ असतो, कळस मावावा म्हणून कॅमेरा वर कलतो आणि सगळे खांब माथ्याकडे एकमेकांवर झुकतात. घर मागे कोसळतंय असं दिसतं. १९३० च्या दशकातल्या फोटोंमध्ये तेच घर शांत, ताठ उभं असतं. ही जादू काळाची नाही. त्या छायाचित्रकाराने फिल्म ओळंब्यात धरली होती आणि वर सरकवली होती फक्त लेन्स. पुढचं बरंचसं लिखाण या एका गोष्टीभोवती फिरतं.

ही शैली ठरली ती दोन मोठ्या कामांमुळे. पहिलं फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन यांचं. जन्म १८६४ चा, म्हणजे १९३३ साली कार्नेगी कॉर्पोरेशनच्या पैशातून दक्षिणेतल्या वास्तूंची पाहणी सुरू केली तेव्हा बाई सत्तरीला टेकल्या होत्या. नऊ राज्यं पालथी घालून त्यांनी सात हजारांहून जास्त फोटो काढले. त्यात नुसते महाल नाहीत. खानावळी, गिरण्या, धान्याची कोठारं, पडकी शेतघरंही आहेत. दुसरं काम ‘हॅब्स’चं, म्हणजे ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी नोंदणीचं. राष्ट्रीय उद्यान सेवेतले चार्ल्स पीटरसन यांनी १९३३ च्या नोव्हेंबरात त्याचा प्रस्ताव मांडला. मंदीत हातचं काम गेलेल्या वास्तुरचनाकारांना इमारती मोजायला, आखायला आणि फोटो काढायला लावायचं, अशी ती कल्पना. दोन्ही संग्रह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात, फुकट उतरवून घेता येतात. कॅमेरा हातात घेण्याआधी दोन संध्याकाळी तिथे घालवा. एकाच घराचे पाच-सहा फोटो शेजारी ठेवून छायाचित्रकार कुठे उभा होता आणि ऊन कुठून येत होतं एवढंच पाहा.

तिथे आणखी एक गोष्ट ध्यानात येईल: या फोटोंत तपकिरी झाक नाही. जुनं म्हणजे सेपिया हा गैरसमज आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचे प्रिंट तपकिरी दिसतात, काही सोन्याच्या टोनिंगमुळे आणि काही निव्वळ विटल्यामुळे. १९३० च्या दशकातले जिलेटिन सिल्व्हर प्रिंट स्वच्छ काळे-पांढरे असतात. त्या दशकाचा बाज हवा असेल तर तपकिरी रंग चढवू नका.

सामान

४×५ इंची फिल्मचा, भात्याचा कॅमेरा पुरेसा आहे: पुढे लेन्सची चौकट, मागे फिल्मची पाठ, मध्ये घडीचा भाता, आणि दोन्ही टोकं स्वतंत्रपणे हलतात. ८×१० च्या निगेटिव्हचं क्षेत्रफळ याच्या चौपट, आणि वजन व खर्चही त्याच चालीने वाढतो. फोल्डिंग फील्ड कॅमेरा घेणार असाल तर विकत घेण्याआधी एकच गोष्ट तपासा: पुढची चौकट किती वर सरकते. २५ ते ३० मिलिमीटर मिळत नसतील तर तो घरांच्या कामाचा नाही.

लेन्स दोन: १५० आणि ९० मिलिमीटर. इथे फोकल लेंथइतकंच महत्त्व ‘इमेज सर्कल’ला, म्हणजे लेन्स जेवढ्या वर्तुळात चित्र पाडते त्याच्या व्यासाला. ४×५ फिल्म नुसती झाकायला साधारण १५५ मिलिमीटरचं वर्तुळ लागतं. लेन्स वर सरकवायची तर त्यापुढे शिल्लक हवी. १५० च्या लेन्सला किमान २१० चं वर्तुळ बघूनच घ्या. जुन्या प्रेस कॅमेऱ्यावरच्या १२७ किंवा १३५ च्या लेन्स स्वस्तात मिळतात आणि नेमकं इथेच दगा देतात: लेन्स सरकवली की चित्राचे वरचे दोन कोपरे काळे.

बाकी सामान: जड ट्रायपॉड, केबल रिलीज, काचेवरचं चित्र बघताना डोक्यावर घ्यायचं, आतून काळं बाहेरून पांढरं कापड (दक्षिणेतल्या उन्हात दोन्ही बाजूंनी काळं कापड म्हणजे डोक्यावर तवा), स्पॉट मीटर (एका लहान ठिपक्यापुरता उजेड मोजणारा), सहा फिल्म होल्डर, ग्राउंड ग्लासवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीतल्या धुरकट काचेवर, टेकवून पाहायचं ४ ते ६ पटींचं भिंग आणि एक छोटी पाणसळ. कॅमेऱ्यावरच्या बुडबुड्यांवर विसंबू नका, ते बऱ्याचदा चुकीचे बसवलेले असतात. गवंड्याकडे असते तशी वेगळी पाणसळ कॅमेऱ्याच्या पाठीला लावून बघा.

फिल्म होल्डरचा एक जुना संकेत पाळलाच पाहिजे. डार्क स्लाइडची, म्हणजे होल्डरमधली फिल्म झाकणाऱ्या सरकत्या पट्टीची, पांढरी किंवा चंदेरी कड बाहेर म्हणजे फिल्म कोरी. काळी कड बाहेर म्हणजे वापरलेली. अंधारात फिल्म भरताना उभ्या फिल्मच्या खाचा उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात आल्या की रसायनाची बाजू तुमच्याकडे आहे. उलट भरलेली फिल्म फुकट गेलीच समजा.

फिल्म आणि रंगांचा करडा अनुवाद

लाल वीट, पांढरा गिलावा, हिरव्या झडपा, निळं आकाश. दक्षिणेतल्या घरात हे चार रंग जवळजवळ नेहमी असतात आणि काळ्या-पांढऱ्यात कोणता रंग किती गडद उतरेल हे तुम्ही ठरवायचं असतं.

सर्वसाधारण कामाला इलफर्ड एफपी४ प्लस, १२५ आयएसओ. त्यावर पिवळा ८ नंबरचा फिल्टर लावा, एक्सपोजर एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). आकाश थोडं उतरतं, पांढऱ्या खांबांची कड सुटी होते आणि फिल्टर लावलाय हे कळतही नाही. लाल २५ नंबरचा फिल्टर तीन स्टॉप खातो. आकाश काळवंडतं, वीट पांढुरकी पडते, झाडं काळी होतात. पोस्टरवर ते छान दिसतं, पण घराची नोंद म्हणून खोटं. ओक वृक्षांच्या दाट सावलीत पानं डांबरासारखी उतरत असतील तर हिरवा ११ नंबरचा फिल्टर लावा. हा दोन स्टॉप घेतो, पण पानांत आणि फांद्यांवरून लोंबणाऱ्या स्पॅनिश मॉसमध्ये जीव येतो.

त्याहून जुना बाज हवा असेल तर इलफर्ड ऑर्थो प्लस वापरा, दिवसाच्या उजेडात ८० आयएसओ. ही फिल्म लाल रंगाला आंधळी आहे. विटा गडद होतात, आकाश जवळपास कोरं पांढरं उतरतं. गडद लाल दिव्याच्या उजेडात डोळ्यांनी बघत ती धुता येते हा वेगळा फायदा. विटांच्या घरावर मात्र जपून: सावलीतली वीट इतकी काळी होते की विटांमधल्या चुन्याच्या रेघांपलीकडे काही दिसत नाही.

ऊन कधी, कुठून

दर्शनी भिंतीशी साधारण ३० ते ६० अंशांचा कोन करून येणारं ऊन हवं. समोरून, तुमच्या पाठीमागून आलेल्या उन्हात खांबावरच्या उभ्या पन्हळी सपाट होतात आणि वळचणीखालची दातेरी नक्षी नाहीशी होते. पूर्वाभिमुख घर सकाळी, पश्चिमाभिमुख दुपारनंतर, हे उघड आहे. दक्षिणाभिमुख घराला नऊ-दहा किंवा दोन-तीनची वेळ. उत्तराभिमुख घराचं दुखणं वेगळं. मे ते जुलैमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो, तेव्हा पहाटेचा तासभर त्या भिंतीवर तिरपं ऊन येतं. तो सोडला तर पातळ ढगांचा दिवस बघा.

आता ओसरी. इथे तिला गॅलरी म्हणतात, चार्ल्सटनमध्ये पियाझा. हिचा अंधार हा या घरांचा सर्वांत अवघड भाग, आणि त्याचं उत्तर कॅमेऱ्यात नसून पंचांगात आहे. न्यू ऑर्लिन्स सुमारे ३० अक्षांशावर. तिथे २१ जूनला माध्यान्हीचा सूर्य साडेत्र्याऐंशी अंशांवर असतो, २१ डिसेंबरला साडेछत्तीसवर. समजा ओसरी दक्षिणेकडे तोंड करून आहे, खोली ३ मीटर, आणि वरची कड जमिनीपासून ४ मीटर. जूनमध्ये भर दुपारी ऊन आत जेमतेम अर्धा मीटर शिरेल. डिसेंबरमध्ये ते मागच्या भिंतीवर १.८ मीटरपर्यंत चढेल, दरवाजाची चौकट आणि बाजूच्या काचा उजळतील. दक्षिणमुखी घर असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जावं, हे म्हणूनच. उकाडा नसतो, डास नसतात, जून ते नोव्हेंबरचा चक्रीवादळांचा हंगामही संपत आलेला असतो.

झाडांबाबत नवखा माणूस एक चूक हमखास करतो. थंडीत पानं गळतील आणि घर मोकळं दिसेल असं धरून चालतो. पेकन आणि क्रेप मर्टलच्या बाबतीत ते खरं. पण लाइव्ह ओक थंडीभर हिरवाच राहतो. जुनी पानं टाकतो वसंतात, आणि लगेच नवी धरतो. त्याच्या आड गेलेला कोपरा जानेवारीतही आडच राहणार. तिथे उभं राहण्याची जागा बदलावी लागते.

कॅमेरा लावणं

क्रम पाळा. एक पायरी चुकली की पुढच्या सगळ्या परत.

आधी कॅमेऱ्याशिवाय घराभोवती फिरा. मग ट्रायपॉड रोवा आणि सर्व हालचाली शून्यावर आणा. पाठ पाणसळीने ओळंब्यात आणा, उभी आणि आडवीही. घर अगदी समोरून घ्यायचं असेल तर पाठ भिंतीला समांतर करा. त्यासाठी ग्राउंड ग्लासवरच्या चौकटीच्या रेघेशी जोत्याची कड जुळवा. उजवीकडे उतरत असेल तर पाठीचा उजवा-डावा कोन दुरुस्त करा. ट्रायपॉड हलवून ही चूक जात नाही. आता कळस कापला गेलेला दिसेल. कॅमेरा वर करू नका, पुढची चौकट वर सरकवा. काचेवर चित्र उलटं असल्याने कळस खालच्या कडेने आत येईल.

किती सरकवायचं हे आधी काढता येतं. घर १२ मीटर उंच, तुम्ही २५ मीटरवर, लेन्स जमिनीपासून १.६ मीटर, फोकल लेंथ १५०. लेन्सच्या वर घर १०.४ मीटर. फिल्मवर ते १५० × १०.४ ÷ २५, म्हणजे साधारण ६२ मिलिमीटर. आडव्या ४×५ फिल्मची वापरात येणारी उंची ९६, तिचं अर्धं ४८. तूट १४ ची. वर थोडं आकाश धरून २० मिलिमीटर सरकवा. कोपऱ्यापर्यंतचं अंतर आता सुमारे ९० होतं, म्हणजे वर्तुळ १८० चं लागेल. २१० चं असेल तर निर्धास्त. त्याच अंतरावरून आडवे २० मीटर मावतात. पाच खिडक्यांच्या रांगेचं बहुतेक घर त्यात बसतं.

कोपरे खरोखर उघडे आहेत का हे बघायची युक्ती: ग्राउंड ग्लासचे कोपरे कापलेले असतील तर त्या फटीतून लेन्सकडे बघा. अ‍ॅपर्चरचं भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. मांजराच्या डोळ्यासारखं चपटं दिसलं तर तो कोपरा काळवंडणार. भोक थोडं आणखी बंद करा किंवा सरकवणं कमी करा.

फोकस १० मीटरवर धरून एफ/२२ ला (हा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान) ५ मीटरपासून क्षितिजापर्यंत पुरेसं स्पष्ट मिळतं. एफ/४५ पर्यंत जाण्याचा मोह टाळा; तिथे विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच किंचित मऊ होतं.

शटर दाबण्याआधी मोठ्याने म्हणा: शटर बंद, अ‍ॅपर्चर, वेळ, होल्डर, स्लाइड. हसू येईल, पण उघड्या शटरवर स्लाइड ओढण्याची चूक अनुभवी लोकही करतात.

भात्याचा कॅमेरा नसेल तर? पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्याला २४ किंवा २८ ची लेन्स लावा, कॅमेरा उभा धरा, पाणसळीत ठेवा आणि कळस मावेपर्यंत मागे जा. खालचं अर्धं चित्र नुसतं गवत असेल. ते प्रिंट करताना कापून टाका. निगेटिव्हचा निम्मा भाग वाया जातो, पण खांब ताठ राहतात.

एक्सपोजर

स्वच्छ उन्हात एफपी४ ला एफ/२२, १/६० सेकंद हा ढोबळ हिशोब. घरांना तो पुरत नाही, कारण पांढरा खांब उन्हात आणि त्यामागची भिंत काळोखात.

स्पॉट मीटरने ओसरीतली मागची भिंत मोजा, समजा एफ/२२ ला १/४ सेकंद आलं. मीटर प्रत्येक गोष्ट मधली करडी करून सांगतो. ती भिंत सावलीसारखी पण तपशिलासकट हवी, म्हणून दोन स्टॉप कमी: १/१५. आता उन्हातला खांब मोजा, समजा १/२५० आलं. १/१५ दिलं तर तो मधल्या करड्याच्या चार स्टॉप वर जातो आणि पन्हळी पांढऱ्यात विरघळतात. यावर उपाय डेव्हलपिंगचा. एफपी४ ला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये (१+१, म्हणजे तेवढंच पाणी मिसळून) २० अंश सेल्सिअसला ११ मिनिटं हा नेहमीचा वेळ. तो ९ मिनिटांवर आणा. सावल्या फारशा हलत नाहीत, खांब एका स्टॉपभर खाली येतो. म्हणून अशा फिल्मच्या होल्डरवर ‘९’ लिहून ठेवा आणि त्या वेगळ्या धुवा. पिवळा फिल्टर लावला असेल तर १/१५ चं १/८ करायला विसरू नका.

वाऱ्याचं भान ठेवा. स्पॅनिश मॉस १/३० ला पुसट होतो. सूर्योदयानंतरचा तासभर सहसा हवा पडलेली असते. फोटो वाऱ्यात घ्यावाच लागला तर भात्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभं राहून कापड आडवं धरा, कारण भाता शिडासारखा वारा पकडतो.

घराचा प्रकार बघून जागा ठरवा

चार्ल्सटनचं ‘सिंगल हाउस’ एका खोलीच्या रुंदीचं असतं. अरुंद कड रस्त्याकडे, लांब पियाझा सहसा दक्षिणेला किंवा पश्चिमेला. रस्त्यावरचा दरवाजा घरात न उघडता पियाझावर उघडतो. समोरून फोटो काढला तर घराची अर्धी अक्कल दिसतच नाही. रस्त्यापलीकडच्या कोपऱ्यावरून दोन्ही बाजू घ्या. रस्ते अरुंद, म्हणून ९० ची लेन्स, आणि ऊन दुपारचं. भिंतींवर लोखंडी गोल चकत्या दिसल्या तर त्या कापू नका. १८८६ च्या भूकंपानंतर भिंती आवळण्यासाठी आरपार सळया घातल्या गेल्या, त्यांची ही टोकं.

न्यू ऑर्लिन्सच्या ‘शॉटगन’ घराला मधला बोळ नसतो. एकामागे एक खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या. समोरून ते खोकं वाटतं, म्हणून ४५ अंशांतून. ‘डॉगट्रॉट’ नेमकं उलट: दोन खोल्यांमध्ये आरपार उघडी वाट. ते अगदी समोरूनच घ्यायचं, मागचं अंगण उन्हात असताना, म्हणजे ती वाट उजेडाचा चौकोन होऊन दिसते. ‘क्रेओल’ पद्धतीचं घर विटांच्या उंच तळमजल्यावर उभं असतं, पुरापासून वाचण्यासाठी. तिथे कॅमेरा जमिनीजवळ ठेवू नका, वरच्या गॅलरीची जमीन दिसेनाशी होते.

झाडांची कमान हा स्वतंत्र विषय आहे. लुइझियानातल्या ओक अ‍ॅलीची २८ झाडांची दुहेरी रांग सुमारे २४० मीटर लांब. तेवढ्या अंतरावरून १५० च्या लेन्सने २० मीटर रुंदीचं घर फिल्मवर साडेबारा मिलिमीटर उतरतं. पर्यटकांच्या फोटोंत म्हणूनच घर काडेपेटीएवढं असतं. ३०० ची लेन्स घ्या, घर दुप्पट होईल आणि झाडं दाटून येतील.

जॉर्जिया आणि कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर ‘टॅबी’च्या भिंती मिळतात: शिंपल्या भाजून केलेला चुना, वाळू, पाणी आणि अख्ख्या शिंपल्या. कोकण-गोव्यात शिंपल्यांचा चुना पाहिलेल्याला हे चटकन ओळखीचं वाटेल. असली भिंत सपाट उजेडात काँक्रीटसारखी दिसते. भिंतीला जवळजवळ घासून जाणारं, १० ते १५ अंशांचं ऊन येईपर्यंत थांबा.

तेच ऊन विटांनाही हवं. हातांनी थापलेल्या जुन्या विटांत कधीकधी बोटांचे ठसे सापडतात, गुलामीत राबवलेल्या माणसांचे, मुलांचे. समोरच्या उन्हात ते दिसत नाहीत.

घराची मागची बाजू

दक्षिणेतल्या घरांचे बहुसंख्य फोटो समोरून असतात, आणि ही निवड निष्पाप नाही. ते खांब उभे राहिले कापूस, भात आणि उसावर, गुलामांच्या श्रमांवर. फिल्म सहा असतील तर किमान दोन मागच्या बाजूसाठी ठेवा. स्वयंपाकघर अनेकदा वेगळं असे, आगीची भीती आणि उकाडा दोन्हीमुळे. त्याच्या जवळ पाण्याचं टाकं, धुराडं, मग गुलामांच्या वस्तीच्या खोपट्या. मागच्या कोपऱ्यातून ४५ अंशांचा असा एक फोटो शोधा की ज्यात मोठं घर आणि एक तरी खोपटी एकाच चौकटीत येईल. दोघांतलं अंतर हीच तिथली माहिती आहे. लुइझियानातल्या एव्हरग्रीन या जुन्या मळ्यात अशा २२ खोपट्या जागेवर उभ्या आहेत. साउथ कॅरोलायनातल्या बून हॉलमध्ये विटांच्या नऊ आहेत. लुइझियानातलं व्हिटनी हे संग्रहालय २०१४ साली उघडलं ते गुलामांच्या आयुष्यासाठीच.

खोपटीला मऊ धुकट उजेड देऊन ‘रम्य’ करू नका. मोठ्या घराला जी शिस्त तीच इथे: पाठ ओळंब्यात, एफ/२२, कडेला मापाची काठी. फुटांच्या खुणा रंगवलेली काठी भिंतीला टेकवून एक फोटो काढणं ही हॅब्सचीही रीत आहे.

आतल्या खोल्या

९० ची लेन्स, कॅमेरा छातीच्या उंचीवर. खिडकी चौकटीत असेल तर लाकडी झडपा अर्ध्या लोटून घ्या, म्हणजे बाहेरचा झळाळ कमी होतो. फ्लॅश नको; त्याने छतावरच्या प्लास्टरच्या फुलाचा उठाव मरतो.

मोजलेली वेळ लांबली की फिल्म मंदावते. एफपी४ साठी हिशोब असा: मीटरने १० सेकंद सांगितले तर १८ द्या, ३० सांगितले तर ७३. जुनी लाकडी जमीन हलते, एक्सपोजर चालू असताना कोणी चाललं की चित्र गेलं. तुम्हीही जागचे हलू नका.

दिवाणखान्यात भिंतभर आरसा असेल तर त्यात तुम्ही आणि ट्रायपॉड दिसणार. कॅमेरा आरशाच्या बाजूला, प्रतिबिंबात येणार नाही इतका सरकवा, पाठ आरशाच्या भिंतीला समांतर ठेवा आणि लेन्स आडवी आरशाकडे सरकवा. आरसा समोरून घेतल्यासारखा दिसेल, आत मात्र खोली रिकामी.

जुन्याच जागेवर परत उभं राहणं

संग्रहातला फोटो घेऊन नेमक्या त्याच जागेवरून नवा काढणं हा सर्वांत चांगला सराव. दृष्टिकोन ठरतो तो फक्त जागेवरून, लेन्स कोणती याने फरक पडत नाही. डावी-उजवी जागा शोधायला जवळची आणि लांबची कड जुळवा: खांबाची कड मागच्या खिडकीच्या कितव्या तावदानावर येते? उंचीसाठी पायरीची कड जोत्याच्या कुठल्या थराशी आहे ते बघा. पुढे-मागे ठरवायला जवळच्या खांबाची रुंदी आणि मागच्या दरवाजाची रुंदी यांचं गुणोत्तर प्रिंटवर पट्टीने मोजा आणि ग्राउंड ग्लासवर तेच आणा. वेळ सांगेल वळचणीची भिंतीवरची सावली.

काही ठिकाणी जुळवायला काही उरलेलं नसतं. छायाचित्रकार वॉकर एव्हान्सने १९३५ साली टिपलेलं लुइझियानातलं बेल ग्रोव्ह हे घर १९५२ मध्ये जळालं. मिसिसिपीतलं विंडसर १८९० मध्येच जळालं. तिथे आता २३ खांब उभे आहेत, त्यामुळे विटांचा गाभा आणि त्यावरचा गिलावा उघडा बघता येतो. लुइझियानातलं नॉटोवे मे २०२५ मध्ये आगीत गेलं. तेव्हा छत, धुराडी, मागचा जिना हे कंटाळवाणे फोटोही घ्या.

दमटपणा, परवानगी, विमानतळ

गाडीतल्या एसीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्स, ग्राउंड ग्लास, फिल्टर सगळ्यांवर बाष्प धरतं. तोंड बंद पिशवीत ठेवून ३० ते ४५ मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. फिल्म मात्र थंडच, बंद गाडीत कधीच नको. परतल्यावर लेन्स सुकवणाऱ्या पुडीसह डब्यात ठेवा. कोकणात ज्यांची लेन्स बुरशीने गेली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

रस्त्यावरून दिसणाऱ्या घराचा फोटो काढायला सहसा अडचण नसते. आवारात पाऊल टाकायचं तर विचारूनच. संग्रहालय झालेल्या घरांत ट्रायपॉडला अनेकदा बंदी असते, आणि शनिवार-रविवारी लग्नसमारंभ. आठवडाभर आधी पत्र लिहून, कामाच्या दिवसाची सकाळची वेळ मागा. अटलांटाहून सव्हाना सुमारे ४०० किलोमीटर आहे. अटलांटातल्या मराठी मंडळींनी शुक्रवारी रात्री पोचून सोमवारी काम करावं आणि शनिवार-रविवार नुसतं हिंडून जागा हेरून ठेवाव्यात.

भारतातून फिल्म नेत असाल तर चेक-इन सामानात अजिबात नाही. हातातल्या पिशवीत पारदर्शक डब्यात ठेवा आणि हाताने तपासायला सांगा; नव्या सीटी स्कॅनरमधून एकदा गेलेली फिल्मही धुरकटते. उघडलेल्या खोक्यावर ‘अंधारातच उघडा’ असं इंग्रजीत ठळक लिहून चिकटवा.

धुणं आणि नोंद

ट्रेमध्ये एका वेळी चारपेक्षा जास्त फिल्म नकोत. फिल्म खालून वर फिरवताना एकीचा कोपरा दुसरीला ओरखडतो. डेव्हलपरनंतर दहा सेकंद स्टॉप बाथ, १+४ फिक्सरमध्ये ३ ते ५ मिनिटं, वाहत्या पाण्यात १० मिनिटं. सुकवताना पंखा बंद. ४×५ चा कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून केलेला त्याच मापाचा प्रिंट, काढून बघा. लहान असतो, पण खांबांचा ओळंबा चुकला असेल तर तिथेच कळतो.

आम्लरहित पाकिटात प्रत्येक निगेटिव्ह वेगळी. पाकिटावर, निगेटिव्ह आत घालण्याआधी, मऊ पेन्सिलीने: घराचं नाव, गाव, काउंटी, राज्य, तारीख आणि वेळ, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला, लेन्स, फिल्टर, किती सरकवली, धुण्याचा वेळ. ‘सुंदर जुनं घर, लुइझियाना’ एवढंच लिहिलेली निगेटिव्ह वीस वर्षांनी तुम्हालाही ओळखता येत नाही.